सुमन भोईरचा लॅपटॉप

“कॉम्प्युटर बंद पडलाय” असं कोणी येऊन सांगितलं तर सुमन भोईर लगेच उठायची नाही. हातातलं काम संपवायची, पेनाला टोपण लावायची आणि विचारायची, “बंद पडायच्या आधी तू काय केलंस?”

समोरचा माणूस हटकून म्हणायचा, “काहीच नाही.”

“मग मला ते ‘काहीच नाही’ नावाचं बटण दाखव,” असं म्हणत ती टेबलाखाली पायाने चपला चाचपडायची.

हे ती सगळ्यांना म्हणायची. वॉर्डबॉयला, मेट्रनला, एकदा तर हृदयविकाराच्या मोठ्या डॉक्टरांनाही म्हणाली. चिडून नाही, अगदी सरळ चेहऱ्याने. तिला खरंच जाणून घ्यायचं असायचं. काय झालं, कोणी काय केलं, किती वाजता, हे सगळं ती एका लांबट वहीत लिहायची आणि मगच मशीनला हात लावायची. “आधी लिहायचं, मग हात लावायचा,” हे तिचं रोजचं वाक्य. अशा वह्या तिने किती भरल्या असतील कोण जाणे. त्या सगळ्या वह्यांवर नाव मात्र हॉस्पिटलचं असायचं, तिचं नाही.

आमचं हॉस्पिटल ठाण्यातलं, ट्रस्टचं. मी तिथे रेकॉर्ड विभागात होते. रुग्णांच्या फायली लावणं, मागितल्या की काढून देणं हे माझं काम. सुमन ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी टायपिस्ट म्हणून लागली. आम्ही दोघी साधारण एका वयाच्या. मी डोंबिवलीची, ती आंबिवलीची. तिच्या घरी भातशेती होती, घरात बोली आगरी. त्या भागातून शिकून नोकरीला लागलेल्या मुली तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या. लग्न बाळकुमला झालेलं. ते मोडलं कसं, हे तिने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. आमची ओळख झाली तेव्हा ती आंबिवलीला आईकडे आणि भावाकडे परत आलेली होती.

डब्यात तिच्या सुकटीची चटणी असायची आणि तांदळाची भाकरी. त्या वासाने आमच्या खोलीतल्या दोघी-तिघी खुर्च्या सरकवायच्या. सुमन म्हणायची, “वास सुकटीचा आहे, माझा नाही.” पण नंतर ती आपणहून जिन्यातल्या खिडकीपाशी जाऊन जेवायला लागली. मग मीही माझा डबा घेऊन तिकडे जायला लागले. मी शाकाहारी, म्हणून ती घास घेतला की डब्याचं झाकण लावायची. दर घासाला. मी किती वेळा सांगितलं की मला काही होत नाही, पण तिने ते सोडलं नाही.

नव्वदच्या आसपास हॉस्पिटलात सर्व्हर आला. सर्व्हर म्हणजे एक मोठं मशीन, एसी लावलेल्या खोलीत ठेवलेलं, आणि त्याला जोडलेले वेगवेगळ्या टेबलांवरचे पडदे. नोंदणीच्या खिडकीवर, माझ्याकडे, वॉर्डात, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर. नाव आणि परवलीचा शब्द टाकला की आपलं काम समोर यायचं. सगळं त्या एका खोलीतून चालायचं. ते मशीन सांभाळायला मुंबईहून एक इंजिनिअर यायचा. पहिल्याच दिवशी त्याने सुमनकडे बघितलं. केसांत अबोलीचा गजरा, सुती साडी, पदर खोचलेला. म्हणाला, “मावशी, जरा दोन चहा सांगा ना.”

तिने चहा सांगितला. आला तेव्हा त्याच्यापुढे ठेवला आणि मागच्या स्टुलावर बसली. काम करताना कोणी मागे बसलं की तो पडदा थोडा फिरवून घ्यायचा. सर्व्हरचा मुख्य शब्द कोणाला कळू नये म्हणून. सुमन तरी बसायची. दर वेळी. एकदा जेवताना ती मला म्हणाली, “पडदा फिरवतो तो, पण बटणांचा आवाज कसा फिरवणार? आठ अक्षरं आहेत. शेवटचं लांबच्या कोपऱ्यातलं.”

“मग तू वापरून बघितलंस?”

“नाही गं. दिलेला नाही ना मला.”

तो शब्द तिला मिळाला दोनेक वर्षांनी. आमचे तेव्हाचे अधीक्षक डॉ. गुप्ते. मितभाषी माणूस. इंजिनिअर आठ आठ दिवस फिरकत नाही आणि तोवर ही बाई काहीबाही करून काम चालू ठेवते, हे त्यांनी पाहिलेलं होतं. एके दिवशी इंजिनिअरला समोर बसवून ते म्हणाले, “आजपासून या खोलीची किल्ली भोईर बाईंकडे. आतल्या मशीनचीसुद्धा.” त्याने कागदावर शब्द लिहून दिला. सुमनने तो वाचला, मला खुणेने सांगितलं, आठच अक्षरं. आणि त्याच दुपारी बदलून टाकला.

पण किल्ली हातात आल्यावर तिची झोप गेली. मशीन एकच. त्यावर काही शिकून बघायचं म्हणजे चालत्या हॉस्पिटलवर शिकायचं. “चालू गाडीखाली शिरून दुरुस्ती शिकता येत नाही,” ती म्हणायची. एक आज्ञा चुकली तर खाली खिडकीवर दोनशे माणसं ताटकळणार. तिला दुसरं मशीन हवं होतं, चुका करायला. हॉस्पिटल ते देणार नव्हतं. दोनदा अर्ज करून झालेला.

ते मशीन कसं आलं, ती गोष्ट तिने मला जिन्यातल्या खिडकीपाशीच सांगितली.

नव्वदच्या दशकात तिकडे जमिनी विकल्या जायला लागल्या. भोईरांची स्टेशनच्या बाजूची शेती एका बिल्डरला द्यायची ठरली. तिच्या धाकट्या भावाने, जनार्दनने, तिला हक्कसोडीच्या कागदावर सही करायला सांगितलं. बहिणीने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि भावाने तिला साडीचोळी करायची, ही पद्धतच. सुमनने सही केली. वाद घातला नाही. जनार्दनलाच काहीतरी लागलं असावं. तो म्हणाला, “बाय, साडी तं घेनारच हाय. पन तुला आजून कय पायजे ते सांग. पाटल्या करू?”

ती म्हणाली, “मला लॅपटॉप पाहिजे.”

त्याने तो शब्द ऐकलेला नव्हता. तिने कागदावर लिहून दिला. तो भला माणूस कागद खिशात घालून मुंबईला गेला आणि एक वापरलेला, जाडजूड, काळा लॅपटॉप घेऊन आला. त्याच पैशातून त्याने जीप घेतली आणि वहिनीने दागिने केले. अख्खं गाव जीप बघायला आलं आणि जाता जाता लॅपटॉपही बघून गेलं.

लॅपटॉपमध्ये रंगीत चित्रं होती, पत्त्यांचा डाव होता. जनार्दनची तीन मुलं दोन दिवस त्यावरून उठली नाहीत. तिसऱ्या दिवशी सुमनने ते सगळं पुसलं आणि सर्व्हरवर असते तसली सिस्टीम त्यावर घातली. एका इंग्रजी मासिकाबरोबर तेव्हा सीडी फुकट मिळायची, तिच्यावर ही सिस्टीम होती. मुलं शाळेतून आली तर समोर काळा पडदा आणि कोपऱ्यात एक ओळ. नाव विचारणारी. चित्र नाही, पत्ते नाहीत.

तिची आई शेजारणीला सांगत होती म्हणे, “पोरीनी टीवी घेतला, न त्याव चित्र पन नाय दिसत.”

सुमन हे सांगताना इतकी हसली की तिला ठसका लागला. तिला मी तसं हसताना फार वेळा पाहिलं नाही.

हॉस्पिटलचा प्रोग्राम त्या लॅपटॉपवर चालता करायला तिला चार-पाच महिने लागले. मला त्यातलं काही कळायचं नाही. सकाळी तिच्या तोंडाकडे बघून अंदाज यायचा, एवढंच. एक दिवस ती येऊन माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “चालला.” जसं काही घरातलं मूल चाललं.

त्यानंतर आमचे शनिवार सुरू झाले. रोजच्या कामाची एक नक्कल संध्याकाळी टेपवर निघायची आणि सर्व्हरच्याच खोलीतल्या कपाटात राहायची. सुमनचं म्हणणं, खोलीला आग लागली तर मशीन आणि नक्कल दोन्ही एकदम जातील. दुसरी नक्कल दुसऱ्या जागी हवी. हे तिने डॉ. गुप्त्यांना सांगितलं. ते फायलीतून मान वर न करता म्हणाले, “तुम्हाला योग्य वाटेल ते करा.” त्या शब्दावर ती दर शनिवारी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून कापडी पिशवीतून आणायची, दोननंतर गर्दी ओसरली की वायर जोडायची आणि सगळ्या नोंदी त्यात उतरवून घ्यायची. तासभर लागायचा. मी शेजारी बसलेली असायचे. चहा व्हायचा, कधी मी मटार सोलायला आणायचे. पडद्यावर आकडे सरकत राहायचे. ती मध्येच म्हणायची, “तुझ्या फायलींपर्यंत आलं बघ.”

डॉ. गुप्ते निवृत्त झाले आणि वर्षभरात वारले. त्यांनी दिलेली परवानगी कुठल्याच कागदावर नव्हती. आम्हा सगळ्यांकडून लिहून घेणाऱ्या सुमनने स्वतःसाठी तेवढं लिहून घेतलं नव्हतं.

सर्व्हर बंद पडला तो एका सोमवारी सकाळी. एसीचं पाणी रविवारी कधीतरी छतातून झिरपलं होतं आणि थेट मशीनवर पडलं होतं. सुमनने खोली उघडली, पाणी बघितलं, वहीत वेळ लिहिली. मग मुंबईला फोन लावला. तिकडून सांगितलं, भाग मागवावा लागेल, चार दिवस तरी धरा. खाली नोंदणीच्या खिडकीवर आरडाओरडा सुरू झालेला. सगळी मंडळी कागदावर लिहीत होती. जुन्या फायली मागाव्यात तर त्यांतल्या निम्म्या जागेअभावी बाळकुमच्या गोदामात हलवलेल्या.

सुमन रिक्षाने ठाणे स्टेशनला गेली, तिथून आंबिवली, आणि साडेअकराच्या सुमारास जनार्दनच्या जीपने परत आली. मांडीवर पिशवी. आल्या आल्या तिने कोरड्या जागी एक टेबल ओढलं, त्यावर लॅपटॉप ठेवला, नेटवर्कची वायर त्याच्या कडेला खुपसली. मी दारात उभी होते. ती उभ्यानेच टाईप करत होती.

“तुझ्या टेबलावर जा आणि नाव टाकून बघ,” ती म्हणाली.

मी धावत गेले. नाव टाकलं. माझा रोजचा पडदा समोर आला. शनिवारपर्यंतच्या सगळ्या नोंदींसकट. एवढ्याशा त्या काळ्या डब्यावर, ज्याला घरी तिची आई टीव्ही म्हणायची, अख्खं हॉस्पिटल चालायला लागलं. हळू चालत होतं. एक फाईल उघडायला मिनीट लागायचं. पण चालत होतं.

मंगळवारी दुपारी मुंब्र्याहून एक बाई आणली. दिवस भरलेले, बाळ अडलेलं, ताबडतोब ऑपरेशन. तिच्याबरोबर फक्त सासू होती. ती सारखी म्हणत होती, मागच्या बाळंतपणात इथेच ऑपरेशन झालं, तेव्हा सुनेचं काहीतरी झालेलं, डॉक्टर घाबरलेले. काय झालेलं ते तिला सांगता येईना. बाई स्वतः बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. भूल देणाऱ्या डॉक्टरीण बाई स्वतः माझ्याकडे आल्या. “जुनी फाईल?” मी रजिस्टर बघितलं. गोदामात. जाऊन आणायला दीड तास.

मी कॉम्प्युटरवर नाव टाकलं. ते मिनीट मला अजून आठवतं. मग नोंद आली, आणि तिच्या शेवटी ‘शेरा’ म्हणून एक रकाना. हा रकाना मुळात प्रोग्राममध्ये नव्हता. सुमनने भांडून घातलेला. साठ अक्षरांचा. ‘माणसाबद्दल एक ओळ तरी पाहिजे’ म्हणून. त्यात भुलीच्या एका औषधाचं नाव होतं आणि पुढे लिहिलेलं, हे दिल्यावर स्वतःचा श्वास परत यायला चार तास लागले, तोवर मशीनवर. ती ओळ तीन वर्षांपूर्वी मीच भरली होती. मला काही आठवत नव्हतं.

डॉक्टरीण बाईंनी ती ओळ दोनदा वाचली आणि तशाच थिएटरकडे गेल्या. त्यांनी दुसरं औषध वापरलं. बाई वाचली, मुलगी झाली. संध्याकाळी त्या सर्व्हरच्या खोलीत येऊन सुमनच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. सुमनने वहीत लिहिलं, ‘मंगळवार, काम व्यवस्थित.’

शुक्रवारी सर्व्हर दुरुस्त झाला. लॅपटॉप परत टॉवेलात गुंडाळला गेला. आणि पंधरा दिवसांनी तिला पत्र मिळालं.

पत्र नव्या प्रशासकांचं होतं. रुग्णांची गोपनीय माहिती एका कर्मचाऱ्याच्या खाजगी मालकीच्या यंत्रावर, तिच्या घरी, विनापरवाना ठेवली गेल्याचं निदर्शनास आलं होतं. खुलासा करावा. कोणी तक्रार केली ते कधी कळलं नाही. आज मागे वळून बघताना मला त्या पत्रात चूक दिसत नाही, आणि हेच जास्त त्रास देतं. हजारो माणसांचे आजार एका कापडी पिशवीतून स्टेशन ते स्टेशन जात होते. सुमनला ते पटलं होतं. ती मला म्हणाली, “विचारायला पाहिजे होतं. नव्या साहेबांना परत विचारायला पाहिजे होतं. माझं चुकलं.” पण मग पुढे म्हणाली, “गुप्ते सरांनी हो म्हटलेलं, एवढं तरी कोणीतरी सांगायला पाहिजे.”

कोणीतरी म्हणजे मी. गुप्ते सर म्हणाले तेव्हा त्यांच्या टेबलापाशी फायली घेऊन मी उभी होते.

चौकशीला तीन माणसं बसली होती. मला आत बोलावलं तेव्हा सुमन दाराजवळच्या खुर्चीवर होती. मांडीवर वही. त्या वर्षी माझ्या नवऱ्याचा घोडबंदर रोडवरचा कारखाना बंद पडलेला होता आणि घरात माझी एकटीची नोकरी होती. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा डोक्यात काय होतं, ते सांगते.

मधल्या गृहस्थांनी विचारलं, “श्रीमती भोईर दर शनिवारी ही माहिती घरी नेत होत्या, हे तुम्हाला माहीत होतं?”

मी म्हणाले, “नाही.”

“डॉ. गुप्त्यांनी तशी परवानगी दिल्याचं तुम्ही ऐकलंत?”

“नाही.”

दोन शब्द. दोन्ही एकच. सुमनने माझ्याकडे बघितलं नाही. ती वहीचं मुखपृष्ठ अंगठ्याने सारखं करत राहिली. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल. दर शनिवारी ही शेजारी बसून मटार सोलत होती, असं सांगेल. तिला सांगता आलं असतं.

लॅपटॉपवरची सगळी माहिती समितीसमोर पुसायची, असा हुकूम निघाला. साक्षीदार म्हणून रेकॉर्ड विभागाची सही हवी होती, म्हणजे पुन्हा मीच. तिने लॅपटॉप आणला, उघडला, टेबलावर ठेवला. प्रशासकांनी विचारलं, “पूर्ण पुसलं गेलं हे आम्हाला कसं समजणार?”

सुमन म्हणाली, “तुम्हाला नाही समजणार, साहेब. माझ्यावर विश्वास ठेवावा लागेल.”

टोमणा नव्हता त्यात. खरं तेच सांगितलं तिने. नुसतं पुसून चालत नाही, सगळी जागा पुन्हा पुन्हा भरून काढावी लागते, त्याला दोन तास लागतील, असंही सांगितलं. साहेब लोक दहा मिनिटं बसले आणि मला थांबायला सांगून निघून गेले. मग त्या खोलीत आम्ही दोघीच. पडद्यावर आकडे सरकत होते, शनिवारी सरकायचे तसेच. मी दहा वेळा तोंड उघडलं असेल. एकदा तिने विचारलं, “चहा घेतेस?” मी मान हलवली. ती उठून चहा सांगून आली. दोन कप आले. आम्ही ते प्यायलो. आकडे थांबले, तिने लॅपटॉप मिटला आणि मी सही केली.

तिला काढलं नाही. लिननला टाकलं. तळघरात, धुऊन आलेल्या चादरी आणि उशांचे अभ्रे लावायला. तिथेही पहिल्या आठवड्यात तिने वही सुरू केली. कुठल्या वॉर्डाच्या चादरी जास्त फाटतात हे तिला महिनाभरात कळलं होतं. जेवायला ती जिन्यात यायची. मी जायचे. आम्ही भाज्यांबद्दल बोलायचो, मुलांच्या परीक्षांबद्दल बोलायचो. झाकण लावणं चालूच होतं.

एकदा तो मुंबईचा इंजिनिअर तळघरात आला. जुन्या सर्व्हरच्या जागी आणलेल्या नव्या मशीनवर तो शेऱ्याचा रकाना काही केल्या बसत नव्हता. मी तेव्हा चादरींची यादी घ्यायला तिथे होते. तो दारातच घुटमळला. “भोईर मॅडम, एक विचारायचं होतं.” सुमनने चादरीची घडी पूर्ण केली, ढिगावर ठेवली, पेन मागितलं आणि त्याला एका पाठकोऱ्या कागदावर सगळं लिहून दिलं. कुठे काय बदललं, का बदललं. कागद त्याच्याकडे तोंड करून धरलेला, म्हणजे त्याला वाचता यावं. लिहून झाल्यावर म्हणाली, “अडलं तर परत या.” तो गेल्यावर मी म्हटलं, “कशाला सांगितलंस?” ती म्हणाली, “रकाना बंद पडला असता.”

सात-आठ महिने तिने तळघरात काढले आणि राजीनामा दिला. निरोप समारंभ वगैरे काही झालं नाही. त्या दिवशी मी रजेवर होते. मुद्दाम घेतली होती, असंच म्हणते.

ती वारल्याचं मला तीन आठवडे उलटल्यावर कळलं. कावीळ अंगावर काढली. जनार्दनने ठाण्याला न्यायचं म्हटलं, आमच्याच हॉस्पिटलात, पण तिने नको म्हटलं आणि मग कल्याणला नेईपर्यंत उशीर झाला. पंचेचाळिशीही गाठली नव्हती. हे सगळं जनार्दनने मला फोनवर सांगितलं आणि शेवटी विचारलं, “तो डबा हाय तिचा, लॅपटॉप. आमाला त्यातला कय समजत नाय. तुमी न्याल का?” मी नाही म्हणाले. तिसऱ्यांदा.

पण मला तिची जी शेवटची आठवण आहे ती त्याच्या आधीच्या दिवाळीनंतरची. राजीनाम्यानंतर चारेक महिन्यांनी मी आंबिवलीला गेले होते. मनाशी ठरवून गेले होते. भात कापून झालेला, अंगणात झोडणी चाललेली, सगळीकडे पेंढ्याचा वास. सुमन पडवीत बसलेली होती आणि स्टुलावर तो लॅपटॉप चालू होता. काळा पडदा, कोपऱ्यात नाव विचारणारी ओळ. पुसल्यावर तिने पुन्हा तीच सिस्टीम घातली होती.

मी म्हटलं, “आता कशाला सर्व्हरची सिस्टीम? घरचा लॅपटॉप आहे. खेळ घाल, गाणी घाल.”

“जनार्दनची पोरं पण तेच म्हणतात,” ती म्हणाली. “तिघांना तीन नावं दिलीयेत मी. एकमेकांचं लिहिलेलं बघता येत नाही म्हणून भांडतात.” मग म्हणाली, “ही चालू केली ना, की वाट बघत बसते. कोण येईल, नाव सांगेल, काम सांगेल. मला बरं वाटतं ते. सवय गं.”

मी तिच्याकडे न बघता म्हटलं, “सुमन, मी खोटं बोलले.”

“माहीत आहे.”

“तू माझ्या जागी असतीस तर?”

तिने विचार केला. खरंच विचार केला, कारण उत्तर द्यायला तिला वेळ लागला. “मी खरं बोलले असते,” ती म्हणाली. “पण तुला घर चालवायचं होतं. ते मला तेव्हाही कळत होतं.”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. रागही धरला नव्हता. जसं होतं तसं तिने सांगितलं, आणि आत जाऊन माझ्यासाठी घरच्या तांदळाची पिशवी भरून आणली.

जनार्दन मला जीपने कल्याणला सोडणार होता. सुमन रस्त्यापर्यंत आली. मी बसले. तेवढ्यात शेताकडून तिची आई येताना दिसली, डोक्यावर पेंढ्याचा मोठा भारा, चाल मंद. सुमन पुढे गेली, पदर खोचला, आईच्या डोक्यावरचा भारा उचलून आपल्या डोक्यावर घेतला आणि घराकडे वळली. पाठ ताठ, एक हात भाऱ्याला लावलेला. आई मोकळ्या हातांनी तिच्या मागे.

जीप निघाली. एवढं ओझं डोक्यावर असताना माणसाला मान वळवता येत नाही, हे मला कळत होतं. तरी रस्ता वळेपर्यंत मी मागेच बघत राहिले.